दस्तातला 'डिमाइज' आता पुरे: मुंबईच्या वकील मंडळींना एक खुलं पत्र

प्रति,
मुंबईत भाडेपट्ट्यांचे आणि फ्लॅटविक्रीचे दस्त लिहिणारे समस्त वकील आणि सॉलिसिटर

प्रत माहितीसाठी: गृहनिर्माण विभाग आणि विधी व न्याय विभाग, महाराष्ट्र शासन

विषय: दस्तांमधून 'डिमाइज' हा शब्द काढून टाकण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

तुमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर 'लीज' नावाचा एक नमुना आहे. तो मुळात कुणी लिहिला हे तुम्हालाही सांगता येणार नाही. तुम्हाला तो तुमच्या सिनियरकडून मिळाला, त्यांना त्यांच्या सिनियरकडून. पक्षकार बदलला की नाव-पत्ता बदलायचा, भाडं आणि अनामत बदलायची, चतुःसीमा बदलायच्या आणि बाकीचं जसंच्या तसं छापायचं. त्या बाकीच्यात एक वाक्य हमखास असतं: 'द लेसर डथ हिअरबाय डिमाइज अनटू द लेसी', म्हणजे मालक या दस्ताने भाडेकरूला जागा पट्ट्याने देत आहे. तिथून पुढे शेवटच्या पानापर्यंत त्या जागेला कुणी जागा म्हणत नाही, खोली म्हणत नाही, गाळा म्हणत नाही. ती 'द डिमाइज्ड प्रिमायसेस' होऊन बसते.

मी फोर्टात बसून असल्या इंग्रजी दस्तांची मराठी भाषांतरं करतो. कधी कोर्टात लावायला, कधी सोसायटीच्या सभेत वाचून दाखवायला, कधी नुसतं घरातल्या वडीलधाऱ्यांना कळावं म्हणून. वकील नाही, त्यामुळे तुमच्या धंद्यात नाक खुपसतोय असं वाटलं तर खुशाल म्हणा. पण तुम्ही लिहिलेला प्रत्येक शब्द शेवटी कुणाला तरी समजावून सांगावा लागतो, आणि ते काम तुमच्या केबिनबाहेर, माझ्यासारख्यांच्या टेबलावर होतं. म्हणून बोलतो.

तुम्हाला हा शब्द भेटतो तो जागेच्या कागदात. बाकीच्या मुंबईला तो भेटतो श्रद्धांजलीत. ऑफिसच्या नोटीस बोर्डावर 'सॅड डिमाइज', बँकेच्या पत्रात 'ऑन द डिमाइज ऑफ द अकाउंट होल्डर', विम्याच्या फॉर्मवर तेच. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या पोराला विचारा. डिमाइज म्हणजे मरण, तो डोळे झाकून सांगेल. त्याचं चुकत नाही. आजच्या इंग्रजीत त्या शब्दाचा पहिला अर्थ तोच आहे.

आता लालबागच्या एका चाळीतली गोष्ट ऐका. ओळख पटेल असं काही सांगत नाही. मागच्या पावसाळ्यात एक बाई माझ्याकडे आल्या. हातात प्लास्टिकची पिशवी, तीत रेशन कार्ड, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, रबर लावलेलं भाडेपावत्यांचं पुडकं आणि दोन इंग्रजी पत्रं. एक बँकेचं, नवऱ्याच्या खात्याबद्दल. दुसरं घरमालकाच्या वकिलाची नोटीस. भाच्याने दोन्ही पत्रांत एकच शब्द पेनाने अधोरेखित केला होता. बँकेच्या पत्राचा अर्थ काउंटरवरच्या मुलीने त्यांना सांगितला होता. नोटिशीचा फोटो भाच्याने मोबाइलमधल्या भाषांतराला दाखवला, आणि मोबाइलने उत्तर दिलं: 'मृत परिसर रिकामा करून द्यावा.' दिराने त्यावर शिक्कामोर्तब केलं, की पावती दादाच्या नावाची होती, दादा गेला, खोली पण गेली. बाईंनी सामान बांधायला काढलं होतं.

मला म्हणाल्या, "भाऊ, माणूस गेला ते कळलं. पण खोली कशी काय गेली?"

नोटीस वाचली. मरणाचा तिच्यात कुठे मागमूस नव्हता. नवऱ्याच्या आजारपणात भाडं थकलं होतं, ते मागितलं होतं. भरलं नाही तर 'डिमाइज्ड प्रिमायसेस'चा ताबा द्या, एवढंच. 'डिमाइज्ड प्रिमायसेस' म्हणजे भाड्याने दिलेली खोली. बस. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम 15 प्रमाणे थकबाकीची लेखी मागणी केल्यापासून 90 दिवस जाईपर्यंत घरमालकाला खोली खाली करून घेण्याचा दावाच लावता येत नाही. म्हणजे बाईंच्या हातात पैसे भरायला वेळ होता. आणि नवरा गेल्यामुळे खोली जाण्याचा प्रश्न तर उद्भवतच नव्हता. त्याच कायद्याच्या कलम 7(15)(ड) मध्ये 'भाडेकरू'च्या व्याख्येतच सांगितलंय, की राहत्या जागेचा भाडेकरू वारला तर मरणसमयी त्याच्याबरोबर राहणारं कुटुंबातलं माणूस भाडेकरू होतं. असं कुणी नसेल तर वारस. कोण, यावर घरात एकमत झालं नाही तर कोर्ट ठरवतं. बाई त्या खोलीत नवऱ्याबरोबर संसार करत होत्या. त्याच भाडेकरू.

ज्या वकिलांनी नोटीस काढली त्यांनी काही वावगं केलं असं माझं म्हणणं नाही. त्यांनी तुमच्याच नमुन्यातली ओळ उचलली. पण मरण आणि भाड्याची जागा हे दोन विषय या शहरात जिथे खरोखर एकमेकांना भिडतात, नेमका तिथेच तुम्ही असा शब्द वापरता ज्याचे दोन अर्थ हेच दोन विषय आहेत. नवरा जाऊन महिना झालेल्या बाईच्या हातात तो द्यायचा आणि तिने संदर्भाने अर्थ लावावा अशी अपेक्षा करायची, हे जरा जास्तच होतं.

हा शब्द असा दुतोंडी कसा झाला, हे थोडं सांगतो. बऱ्याच वकिलांना वाटतं की मूळ अर्थ मरण, आणि जागेचा अर्थ कुठूनतरी चिकटला. प्रकार उलटा आहे. मुळात हा फ्रेंच. नॉर्मन राजवटीनंतर इंग्लंडच्या कोर्टांत जी फ्रेंच बोलली-लिहिली जायची तिच्यातला. ज्या क्रियापदापासून तो निघाला त्याचा अर्थ हातातलं सोडून देणं, दूर करणं. जमिनीवरचा आपला हक्क सोडून दुसऱ्याच्या हाती देणं, मग ते पट्ट्याने असो वा मृत्युपत्राने, म्हणजे डिमाइज. मरण त्यात कुठेच नव्हतं. मग राजगादीसाठी तो वापरात आला. एका राजाकडून राज्य पुढच्याकडे गेलं की 'डिमाइज ऑफ द क्राउन'. आता गादी बहुतेक वेळा राजा मेल्यावरच पुढे जाते. त्यामुळे लोकांनी हस्तांतर आणि मरण यांची गाठ मारून टाकली आणि अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत कुणाच्याही मरणाला डिमाइज म्हणायला लागले. विल्यम ब्लॅकस्टोन या कायदेपंडिताने त्याच शतकात बजावून ठेवलं होतं, की राजा कायद्याने कधी मरतच नाही आणि डिमाइज म्हणजे फक्त मालमत्तेचं हस्तांतर. कोण ऐकतो?

राजा जिवंत असताना डिमाइज झाल्याचा दाखलाही आहे. 1936 च्या डिसेंबरात आठव्या एडवर्डने गादी सोडली तेव्हा ब्रिटिश संसदेने जो कायदा केला त्यात स्पष्ट लिहिलं, की आता 'डिमाइज ऑफ द क्राउन' होईल. एडवर्ड त्यानंतर 1972 पर्यंत जगला. म्हणजे डिमाइज झाल्यावर पस्तीसेक वर्षं.

राजाचा विषय निघालाच आहे तर आपल्या शहराचंही बघा. 1661 च्या विवाह-करारात पोर्तुगालने मुंबई दुसऱ्या चार्ल्सला दिली. त्याला ती सांभाळणं परवडेना, म्हणून 27 मार्च 1668 च्या सनदेने त्याने ती ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली, वर्षाला दहा पौंड सोन्याच्या रूपात भरण्याच्या बोलीवर. तांत्रिकदृष्ट्या तो भाडेपट्टा नव्हता हे मला ठाऊक आहे, लगेच दुरुस्ती करू नका. पण वर्षाला ठरीव रक्कम भरून जागा धरून ठेवायची, ही या गावाची जुनीच खोड आहे एवढं म्हणायला हरकत नसावी.

या शहराच्या जमिनीचा केवढा तरी भाग पट्ट्यावर आहे. पालिकेची जमीन, कलेक्टरची जमीन, पोर्टाची जमीन, म्हाडाची जमीन. 1896 च्या प्लेगनंतर 1898 साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. दादर-माटुंग्याच्या ज्या आखीव वसाहती आपण नावाजतो त्या त्याच्या. कुठे 99 वर्षांचे पट्टे, कुठे 999 वर्षांचे. महालक्ष्मीच्या रेसकोर्सचा पट्टा 1914 चा, तो 99 वर्षांनी 2013 साली संपला. त्या कागदावर सह्या करणाऱ्यांपैकी एकही जण तो संपताना पाहायला नव्हता. माणसं गेली, पट्टा चालू राहिला. मुदतीच्या पट्ट्याचा स्वभावच तो आहे. पट्टा घेणारा मेला म्हणून पट्टा मरत नाही, तो वारसांकडे जातो. मालक मेला तरी मरत नाही, भाडं त्याच्या वारसांना द्यायचं. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 111 मध्ये पट्टा कशाकशाने संपतो ते दिलंय: मुदत भरली, पट्टा घेणाऱ्याने परत केला, अट मोडल्यामुळे जप्त झाला, आणखी काही. दोघांपैकी एकाचं मरण हे त्या यादीत वेगळं कारण म्हणून नाही. मरण न मोजणाऱ्या व्यवहाराला तुम्ही मरणाचं नाव दिलंय.

आता तुमची बाजू. ती मी ऐकली आहे, अनेकदा, तुमच्या केबिनमधला चहा पिताना. तुम्ही म्हणता, शब्द जुना आहे, त्याला निवाड्यांचं पाठबळ आहे, हात लावला तर दस्त कच्चा पडेल. यात इंग्लंडपुरतं तथ्य होतं. तिथल्या जुन्या कायद्यात पट्ट्यामध्ये 'डिमाइज' हा शब्द असला की दोन हम्या आपोआप आत यायच्या. एक, जागा देण्याचा हक्क मला आहे. दुसरी, तू भाडं भरत राहिलास तर तुला कुणी सुखासुखी उठवणार नाही. शब्द गाळला तर हमी गेली म्हणून वाद घालायला समोरच्याला जागा मिळायची. तिथल्या वकिलाने तो जपला यात नवल नाही.

पण आपण इंग्लंडमध्ये दस्त करत नाही. आपल्याकडे 1882 साली मालमत्ता हस्तांतरण अधिनियम आला आणि सुखाने भोगण्याची ती हमी त्याने कलम 108(क) मध्ये थेट लिहून टाकली. भाडं भरा, अटी पाळा, मुदतीभर जागा विनाव्यत्यय तुमची. विरुद्ध करार नसेल तर ही हमी कायद्याने गृहीत धरलेली आहे, दस्तात कुठलाही मंत्र म्हणावा लागत नाही. उलट कायदा पुढे असंही म्हणतो, की ही हमी पट्ट्याच्या हक्काबरोबर जाते आणि तो हक्क पुढे ज्याच्या हाती येईल त्यालाही ती वापरता येते. म्हणजे वारसालाही. कलम 105 मधली पट्ट्याची व्याख्या काढून वाचा: जागेचा उपभोग घेण्याच्या हक्काचं हस्तांतर, मुदत, मोबदला. 'डिमाइज' हा शब्द त्या व्याख्येत नाही. ज्या शब्दावाचून कायद्याचं अडलं नाही, त्याच्यावाचून तुमचं का अडावं?

राहिला प्रश्न पट्टा की परवाना, म्हणजे लीज की लायसन्स या वादाचा. 'डिमाइज' लिहिलं की पट्टा पक्का होतो आणि गाळलं की परवाना, असं कुणी समजत असेल तर सर्वोच्च न्यायालयाने 1959 साली असोसिएटेड हॉटेल्सच्या खटल्यात ते निकालात काढलंय. कागदाचं रूप बघू नका, त्यातलं सार बघा. जागेचा ताबा आणि हक्क खरोखर दिला का, हे तपासा. लघुवाद न्यायालयात या मुद्द्यावर किती वर्षं घासाघीस चालते ते तुम्हाला मी काय सांगणार? तिथे जज साहेब वीज बिल, चावी, येण्या-जाण्याची मुभा, भाड्याच्या नोंदी बघतात. एका फ्रेंच क्रियापदावर खटला उभा राहिलेला मी तरी पाहिला नाही.

हा फरक लोकांना कळणं मात्र फार गरजेचं आहे, कारण मरणानंतर याच्यावरच सगळं ठरतं. पट्टा किंवा भाडेकरूचा हक्क वारसाकडे जातो. लिव्ह अँड लायसन्सवरची जागा म्हणजे त्या माणसाला दिलेली वैयक्तिक परवानगी; ती वारसाहक्काने मिळत नाही. सांताक्रूझला लायसन्सवर राहणाऱ्या कुटुंबाला आणि गिरगावात पागडीच्या, म्हणजे सुरुवातीला ठोक रक्कम देऊन भाड्याने घेतलेल्या, खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला घरातला कर्ता गेल्यावर दोन वेगळ्या जगांना तोंड द्यावं लागतं. तुमच्या कागदात मात्र दोन्हीकडे तीच जड इंग्रजी.

पागडीवाल्यांची आणखी एक गंमत, म्हणजे त्यांच्यासाठी गंमत नव्हे. आमच्या गिरगावात कितीतरी जण मृत्युपत्रात लिहून ठेवतात, की माझ्यामागे ही खोली पुतण्याला द्यावी, भाचीने माझं केलं तिला द्यावी. लिहिणारे समाधानाने डोळे मिटतात. सर्वोच्च न्यायालयाने 1994 साली वसंत प्रताप पंडित विरुद्ध अनंत सबनीस या मुंबईच्याच प्रकरणात सांगितलं, की भाडे कायद्याखालचा भाडेकरूचा हक्क मृत्युपत्राने असा देता येत नाही. तेव्हा 1947 चा जुना भाडे कायदा होता. भाडेकरूच्या मागे कोण, हे कायदा ठरवतो, मृत्युपत्र नाही. आता बघा: 'डिमाइज' या शब्दाचा मूळ अर्थ मृत्युपत्राने देणं हासुद्धा होता. म्हणजे पागडीच्या खोलीच्या बाबतीत त्या शब्दाचा एक अर्थ कायद्याने लागू होतो, दुसरा कायद्यानेच लागू होत नाही, आणि तिसरा, मरणाचा, लोकांना वाटतो पण तुमच्या मनात नसतो. एवढी कसरत आम्ही चाळीच्या जिन्यात उभं राहून समजावून सांगायची.

लीजवाल्यांचं सोडा. मुंबईत नवा फ्लॅट बुक केलेल्या जवळपास प्रत्येकाने 'डिमाइज'वर सही केलेली आहे, त्याला माहीत असो वा नसो. रेराखाली, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या स्थावर संपदा कायद्याखाली, राज्य शासनाने 2017 च्या नियमांसोबत विक्री कराराचा जो नमुना दिला त्यात एक कलम आहे: या करारातल्या कशाचाही अर्थ सदनिकेचं, प्लॉटचं किंवा इमारतीचं कायद्याने 'ग्रँट, डिमाइज ऑर असाइनमेंट' असा लावू नये. त्याआधीच्या मोफा, म्हणजे महाराष्ट्राच्या जुन्या फ्लॅटविक्री कायद्याच्या नमुन्यातही हीच ओळ होती. बिल्डर बदलले, कायदा बदलला, ओळ तशीच. माझ्याकडे भांडुपचा एक तरुण करार घेऊन आला होता, या ओळीवर बोट ठेवून विचारत होता, की ताबा मिळण्याआधी मी मेलो तर फ्लॅट बायकोला मिळणार नाही असं यात लिहिलंय का? कर्जाचा पहिला हप्ता गेला होता बिचाऱ्याचा.

तसं त्यात नाही. तिथे एवढंच म्हटलंय, की हा फक्त विक्रीचा करार आहे, या कागदाने फ्लॅटची मालकी आत्ताच हस्तांतरित होत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचं कलम 54 हेच सांगतं: विक्रीचा करार स्वतःहून मालमत्तेत हक्क निर्माण करत नाही. ग्राहकाच्या दृष्टीने ही फार मोलाची माहिती आहे. जमीन आणि इमारत पुढे कन्व्हेअन्सने, म्हणजे मालकी हस्तांतराच्या दस्ताने, सोसायटीच्या नावावर यायची असते, आणि कन्व्हेअन्स न झालेल्या सोसायट्या मुंबईत पैशाला पासरी आहेत. ज्या ओळीने खरेदीदाराला सावध करायला हवं तीच ओळ त्याला भलत्याच काळजीत टाकते. म्हणून या पत्राची प्रत गृहनिर्माण विभागाला. खासगी दस्त वकिलांचे, पण हा नमुना शासनाचा आहे.

दुकानं आणि गाळे यांचा त्रास वेगळा, तो थोडक्यात. 'डिमाइज्ड प्रिमायसेस' म्हणजे नेमकं काय काय, यावर पावसाळ्यात भांडणं होतात. स्लॅब गळला. स्लॅब पट्ट्यात आला की मालकाकडे राहिला? बाहेरची भिंत, शटरवरची ताडपत्रीची पट्टी, मागचा मोरीचा पाइप? शब्द भारदस्त असला की लिहिणाऱ्याला वाटतं सगळं त्यात आलं, आणि मोजमाप लिहायचं राहून जातं. 'भाड्याने दिलेला गाळा' असं लिहिलं असतं तर पुढे 'म्हणजे कुठून कुठपर्यंत' हे आपोआप विचारलं गेलं असतं.

जहाजवाल्यांना मात्र मी सूट द्यायला तयार आहे. जहाज खलाशांशिवाय, नुसतं, पूर्ण ताब्यासकट भाड्याने दिलं की त्याला डिमाइज चार्टर म्हणतात, आणि 2017 च्या नौअधिकार कायद्यात 'डिमाइज चार्टरर' हा शब्दच घातलेला आहे. बॅलार्ड पियरच्या मंडळींचा व्यवहार जगभरच्या कंपन्यांशी. त्यांनी वापरावा. लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीला बंदराची परिभाषा कशाला?

मग लिहायचं काय? इथे तुम्ही मला हमखास विचारता, की मराठीत एवढा अचूक शब्द आहे का. अहो, आहे, आणि तो तुमच्या इंग्रजी कायद्यांनी आपल्याकडून उसना घेतलाय. 1899 च्या मुद्रांक अधिनियमात 'लीज'च्या व्याख्येत 'पट्टा' आणि 'कबुलियत' हे दोन्ही शब्द इंग्रजी मजकुरात जसेच्या तसे बसवलेले आहेत. 1908 च्या नोंदणी अधिनियमातही 'लीज'मध्ये कबुलियत धरली आहे. ते कायदे इंग्रजांच्या राज्यात इंग्रजीत लिहिले गेले. त्यांना आपला पट्टा चालला. तुम्हाला चालायला काय हरकत आहे? मालकाने लिहून दिला तो पट्टा, कुळाने लिहून दिली ती कबुलायत. ज्याला सातबारा वाचता येतो त्याला हे सांगावं लागत नाही.

दस्त इंग्रजीतच करायचा असेल तरी अडचण नाही. 'लेसर ग्रँट्स अ लीज ऑफ' लिहा आणि जागेला 'द रूम', 'द शॉप', 'द फ्लॅट' म्हणा, व्याख्येच्या कलमात एकदा मोजमाप देऊन. मराठीत मी असं लिहितो: 'मालक हे सोबतच्या परिशिष्टात वर्णन केलेली जागा भाडेकरूस अमुक तारखेपासून इतक्या वर्षांच्या मुदतीने भाडेपट्ट्याने देत आहेत. यापुढे या दस्तात ‘जागा’ म्हणजे परिशिष्टातली जागा.' एवढ्याने कलम 105 चं समाधान होतं. एक वर्षाहून जास्त मुदतीचा पट्टा नोंदणीकृतच लागतो, ते कलम 107 तुम्ही विसरत नाही, मी आठवण करून देणार नाही. आणि एक कलम जरूर घाला, जे तुमच्या नमुन्यात बहुधा नसतं: मुदतीत मालक किंवा भाडेकरू वारला तर काय होईल. कुणाला कळवायचं, भाडं कुणाच्या नावाने भरायचं, पावती कुणाच्या नावावर फिरवायची, किती दिवसांत. 'मयत' हा शब्द जिथे हवा तिथे, त्या एका कलमात वापरा. बाकीच्या दस्ताला त्याचा विटाळ नको.

नोटीस काढतानाही तेवढंच. भाडेकरूची विधवा, म्हातारे आई-वडील, कॉलेजातली मुलं, यांच्या नावाने पत्र जात असेल तर पहिल्या परिच्छेदात मराठीत दोन वाक्यं लिहा: किती पैसे, किती दिवसांत. पुढे तुमची इंग्रजी खुशाल येऊ द्या. काही ऑफिसं हे करतात. त्यांच्या नोटिशी माझ्याकडे भाषांतराला येतच नाहीत, आणि माझं तेवढं उत्पन्न बुडतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

लालबागच्या बाईंचं पुढे असं झालं, की त्यांनी मुदतीत थकबाकी भरली आणि सोबत मृत्यूचा दाखला आणि रेशन कार्डाची प्रत जोडून पावती स्वतःच्या नावावर करून मागितली. घरमालकाने अजून केलेली नाही. मधल्या काळातल्या पावत्या नवऱ्याच्याच नावाने येतात. त्यावर जागेचं वर्णन इंग्रजीत छापलेलं आहे, कसं ते तुम्हाला माहीत आहे.

तुमच्या नमुन्यातलं व्याख्येचं आणि जागेच्या वर्णनाचं कलम मला कुणी पाठवलं तर मराठी आणि सोपी इंग्रजी, दोन्ही मसुदे बिनपैशाने करून देईन. तेवढी दोन पानं. बाकीच्या पानांचे नेहमीच्या दराने.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक दस्त-भाषांतरकार
गिरगाव, मुंबई